शिदोरीतला चारशे बारावा तुकडा

"पण ती ओळ काढली कोणी, एवढंच सांगा ना, बुवा."

पराग देवस्थळेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

खंडूबुवा धुनीतली राख चाळत बसले होते. पिठाची जुनी चाळणी, कडेला तार गुंडाळलेली. त्यांनी मान वर केली नाही.

"कोनी पाठवलं तुला?"

"दिगूमामांनी. माझे सख्खे मामा. दर गुरुवारी येतात तुमच्याकडे."

"तो रडका दिगंबर?"

"ते... जरा हळवे आहेत."

"काय सांगितलं त्यानं माझ्याबद्दल?"

परागला ते बोलायची लाज वाटली. पण साठ किलोमीटर गाडी हाणून आल्यावर लाज धरून काय उपयोग?

"की तुम्ही चोर ओळखता. नुसतं ऐकून."

बुवांनी चाळणी दगडावर आपटली. राख उडाली आणि परागच्या पँटवर बसली.

"झालं," बुवा म्हणाले. "आला आनखी एक."

भोकरवाडीच्या माळावरची ती मठी म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, एक धुनी, एक विहीर आणि एक औदुंबर. एवढाच पसारा. बुवांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर झोपलेला असायचा ती. पूर्वी कधीतरी गावात एक मेंढा हरवला होता, तेव्हा बुवा सहज बोलून गेले, की जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतोय त्याच्या घरचं खरकटं बघा. ते नेमकं खरं निघालं. तेव्हापासून म्हाताऱ्याचं सुख गेलं. कोणाची साखळी गेली, कोणाची शेळी गेली, की लोक माळ चढून येत. येताना शेजाऱ्याचं नाव मनाशी ठरवूनच येत. तेच नाव बुवांच्या तोंडून निघावं, एवढीच त्यांची भक्ती.

म्हाताऱ्याचा माणसांवरचा विश्वास उडाला तो असा. आलेल्या प्रत्येकाकडे तो आधी संशयाने बघायचा. नंतरही संशयानेच बघायचा.

परागही काही विश्वास ठेवून आला नव्हता. गाडीला कुलूप लावून त्याने दोनदा दार ओढून पाहिलं होतं. लॅपटॉपची पिशवी मांडीवर धरून बसला होता. दानपेटी कुठे दिसत नाही, म्हणजे ती आत असणार आणि निघताना बाहेर येणार, हेही त्याने हेरून ठेवलं होतं. बायकोला सांगून आला होता, की गिऱ्हाइकाच्या ऑफिसात चाललोय.

"बुवा, मला चारच्या आत वरच्या साहेबांना पत्र पाठवायचंय. पत्र लिहून तयार आहे. त्यात नाव घातलं की एक पोरगी आजच्या आज नोकरीवरून जाईल. म्हणून म्हटलं, खात्री करून घ्यावी."

"कसलं पत्र?"

"चूक कोणाची, त्याचं."

"आन् नाव घातलंयस का अजून घालायचंय?"

परागने मांडीवरची पिशवी उगाच सरळ केली.

"घातलंयस," बुवा म्हणाले. "बोल पुढं. पैल्यापासून बोल. आन् मला कळंल असं बोल, न्हाईतर ऊठ."

परागने सांगायला सुरुवात केली.

त्याचं काम कॉम्प्युटरचं. कॉम्प्युटरला काम सांगायचं तर ते त्याच्या भाषेत लिहून सांगावं लागतं. तेच ते काम दहा वेळा येतं, मग दहा वेळा डोकं कशाला शिणवायचं? एकदा जमलं की तेवढा तुकडा तोडून बाजूला ठेवायचा. खाली टीप लिहायची, कधी वापरायचा, कसा वापरायचा. पुढच्या वेळी तो उचलायचा, चिकटवायचा, की झालं. असे तुकडे तो अकरा वर्षं जमवत होता. त्या साठ्याला त्याने नाव दिलं होतं 'शिदोरी'. आधी ती त्याची एकट्याची होती. मग शेजारचा मागायला लागला, मग सगळं ऑफिस. नवा माणूस कामावर आला आणि काही अडलं, की कोणीही मान वर न करता सांगायचं, शिदोरीत बघ.

"किती तुकडे?" बुवांनी विचारलं.

"तीन हजार एकशे सत्तर."

हे सांगताना परागची पाठ आपोआप सरळ झाली.

"सगळे येतात तुला?"

"पाठ नाहीत. पाठ कशाला करायचे? म्हणून तर लिहून ठेवले."

"म्हंजे तुला येत न्हाई. कुठं ठेवलंय ते येतं."

परागला हे झोंबलं. अकरा वर्षांत असं त्याला कोणी बोललं नव्हतं. बोलणारा म्हातारा स्वतः फाटक्या बंडीत राख चाळतोय, आणि आपण त्याच्यासमोर मांडी घालून बसलोय. मामांना काय म्हणावं ते त्याने मनात म्हणून घेतलं.

"पोरीचं सांग."

"मुक्ता चौगुले. सहा महिने झाले लागून. एका दवाखान्याचं काम आमच्याकडे होतं. त्यांचे एक्स-रे आमच्या कॉम्प्युटरवर असतात. तिला म्हटलं, जुन्या निकामी फायली साफ कर. तिने शिदोरीतला चारशे बारावा तुकडा उचलला. त्यात आपण कप्प्याचं नाव द्यायचं, तो कप्पा रिकामा होतो."

"मंग?"

"त्या दिवशी नावाची जागा रिकामी राहिली. नाव जिथून यायचं तिथून आलंच नाही. नाव नसलं की तो तुकडा एक कप्पा न पुसता अख्खं कपाटच पुसतो. चार वर्षांचे एक्स-रे. निम्मे आम्ही दुसरीकडून परत मिळवले. निम्मे गेले."

बुवांची चाळणी थांबली.

"मानसांच्या हाडांचे फोटू?"

"हो."

"गेले?"

"गेले."

बुवांनी चाळणी खाली ठेवली.

"मूठ नसलेल्या इळ्यागत वस्तू तू लोकांच्या हातात देतोस?"

"नाही ना! तेच सांगतोय. त्यात एक ओळ होती. नाव रिकामं असेल तर थांब, पुढे जाऊ नको, अशी. मी स्वतः लिहिली होती. मला पक्कं आठवतंय. आता बघितलं तर ती ओळच नाही. कोणीतरी काढली. आणि तुकडे दुरुस्त करायची मुभा त्या मुक्तालाही होती."

"तिनं का काढावी?"

"काय माहीत. आधी चूक केली असेल, मग ओळ काढून माझ्यावर ढकलायचं ठरवलं असेल. हल्लीची मुलं दिसतात तेवढी साधी नसतात, बुवा. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून केलंस? तर नुसती रडायला लागली. एक शब्द नाही. खरं असतं तर बोलली असती ना?"

"किती मानसं होती?"

"कुठे?"

"तू इचारलंस तवा."

"असतील तीसेक."

"आता कुठं हाय ती?"

"घरी. सोमवारीच सांगितलं, येऊ नको. हडपसरला मावशीकडे राहते."

बुवांनी चाळलेली राख डब्यात भरली. डब्याचं झाकण लावलं. मग परागकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. बघणं असं, की परागने नकळत पिशवी आणखी घट्ट धरली.

"एक इचारू? तुज्या त्या शिदोरीत कोन काय बदलतं, ते कळत न्हाई?"

"कळतं की. प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, कधी केला, का केला. सगळं."

"बगायला किती येळ लागतो?"

"एक मिनिट."

"बगितलंस?"

माळावर वारा सुटला होता. पत्रा एका कोपऱ्यात हलत होता...

"इथे रेंज नाही," पराग म्हणाला.

"औदुंबराखाली येती. परवा एक बाई तितं उभी ऱ्हाऊन तासभर सुनेला शिव्या देत हुती. आन् पुन्यात न्हवती व्हय रेंज? सोमवारपासून?"

"कामं होती. दवाखान्याचे फोन, वरच्यांचे फोन..."

"साठ किलोमीटर यायला सवड झाली."

परागचा चेहरा लाल झाला. आपण काही गुन्हेगार म्हणून आलेलो नाही, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बुवा उठून उभे राहिले होते. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, शिव्या घालत.

"दोनची लाइट आली. टाकी रिकामी हाय. जा, मोटर लाव."

"मी?"

"मंग कोन, मी? माजे गुडघे बग. इहिरीजवळ खोली हाय. भिंतीवर चिठ्ठी हाय, कसं करायचं ती. शिकलेला हाईस ना?"

पराग गेला. नाही म्हणावंसं वाटलं होतं, पण गेला. पिशवी बरोबर नेली.

खोली म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढी. निळी मोटर, वर जाड पाइप, भिंतीवर खटका, त्याखाली हिरवं आणि लाल बटण. खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी. अक्षर मोठं, ठसठशीत, एकेक काना दाबून काढलेला.

एक, पाइपवरची चावी उघडावी. दोन, मोठा खटका वर करावा. तीन, हिरवे बटण दाबावे. चार, टाकी भरली की लाल बटण दाबावे.

परागला बरं वाटलं. चार ओळी, एकही शब्द जास्त नाही. टीप असावी तर अशी. म्हाताऱ्याकडे एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं.

त्याने चावी उघडली. खटका वर केला. हिरवं बटण दाबलं.

मोटर सुरू झाली. मोठा आवाज झाला आणि तसाच होत राहिला. पराग दारात येऊन टाकीकडे बघत उभा राहिला. टाकीत पाण्याची धार पडल्याचा आवाज येईना.

त्याने आत येऊन चिठ्ठी पुन्हा वाचली. चावी बघितली, उघडी होती. खटका वर होता. सगळं बरोबर होतं. आपलंच काही चुकतंय असं त्याला वाटलं. लिहिलेलं तर बरोबरच असणार. कदाचित पाणी यायला वेळ लागत असेल.

तो थांबला.

मोटरचा आवाज बदलला. कोरडा, घासल्यासारखा झाला. मग वास आला. जळक्या दोरीचा येतो तसा.

परागने तिसऱ्यांदा चिठ्ठी वाचायला घेतली.

मागून एक काठी आली आणि लाल बटणावर टेकली. मोटर बंद पडली.

"जाळलीस," बुवा म्हणाले.

"मी काही केलं नाही."

"तूच हुतास आत. आनि कोन हुतं?"

"अहो, लिहिलंय तसंच केलं मी. अक्षर न् अक्षर."

"कोनाच्या सांगन्यावरून केलंस?"

"काय?"

"खालच्या पाटलानं पाठवलंय तुला. त्याला ही इहीर पायजे. खरं बोल."

"बुवा, तुम्ही काय बोलताय? मी कोणत्याही पाटलाला ओळखत नाही. चिठ्ठीत लिहिलंय ते मी केलं. मला कसं कळणार अजून काय करायचं ते?"

"मोटर कोरडी चालवायची न्हाई. आधी तिला पानी पाजायचं. हे बारक्या पोरालाबी कळतं."

"पण इथे तसं लिहिलं नाही!"

"लिवलेलं हुतं."

"नाहीये. बघा ना, चारच ओळी आहेत."

"मला पक्कं आठवतंय. लिवलेलं हुतं. कोनीतरी काडलं." बुवांनी काठी त्याच्या छातीकडे केली. "तूच काडलं असशील. जाळायची आधी, मंग वळ काडून माज्यावर ढकलायचं. दिसतोस तेवडा साधा न्हाईस तू."

परागने तोंड उघडलं. छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, विहिरीच्या खोलीत उभा आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. चूक केली नाही, हे माहीत असूनही एक शब्द तोंडातून फुटेना.

"बोल की," बुवा म्हणाले. "खरं असतं तर बोलला असतास."

वाक्य परागचंच होतं.

मघाशी धुनीपाशी त्यानेच ते म्हटलं होतं.

विहिरीतून पारव्यांचा आवाज येत होता. मोटरचा वास अजून जात नव्हता.

"तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत," पराग हळूच म्हणाला.

"मी पानी आनायला पाठवलं. मला तहान लागलीय."

परागने चिठ्ठीची पिशवी खिळ्यावरून काढली. हाताला जाड लागली. आत एक नव्हे, दोन कागद होते. पुढच्याच्या मागे दुसरा, तेलकट, काळा पडलेला, चार घड्यांचा. त्याने तो उलगडला. अक्षर तेच, मोठं, कानेदार. पण ओळी पाच.

पहिली ओळ होती, 'आधी मोटरच्या वरच्या तोंडातून दोन कळशा पाणी ओतावे.'

"हे तुमचं अक्षर आहे."

"माजंच."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हणजे ओळ तुम्हीच..."

"जुनी चिठ्ठी मळली हुती. पुन्यातनं काही मंडळी यायची हुती, सप्त्याला. म्हटलं, चांगली लिवून लावावी. चार वळीत कशी झ्याक बसत हुती. पैली वळ लिवताना वाटलं, हे काय लिवायचं. हे काय सांगावं लागतं का."

बुवा मोटरच्या ओट्यावर बसले. काठी आडवी मांडीवर घेतली.

"मग?"

"सोपान म्हनून एक मानूस ऱ्हायला आला हुता. पन्नाशीचा. बायको गेलेली, पोरं बगत नव्हती. आठ दिस झाले हुते. त्यानं चिठ्ठी वाचून मोटर लावली. जळाली. त्या टायमाला खरंच जळाली. चाळीस मानसं जेवायला बसली हुती, त्यांच्या म्होरं मी त्याला इचारलं..."

बुवांनी वाक्य पुरं केलं नाही. परागने विचारलंही नाही, काय विचारलं ते.

"तो कायबी बोलला न्हाई. खाली मान घालून गेला. मला वाटलं, बगा, चोरच हुता. खरं असतं तर बोलला असता."

"आणि हा जुना कागद?"

"दोन महिन्यांनी सापडला. मीच मागं घातला हुता, पुढच्या कागदाला जाडी यावी म्हनून. दोन महिने मोटरखोलीत येऊन जाऊन हुतो. हात घातला न्हाई पिशवीत."

"का?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं.

पराग वळला. लॅपटॉपची पिशवी उचलली आणि औदुंबराकडे चालू लागला.

झाडाखाली दगडी पार होता. त्याने लॅपटॉप उघडला. फोनची रेंज दोन काड्या आली, गेली, पुन्हा आली. शिदोरी उघडली. चारशे बारावा तुकडा. त्याच्या उजव्या कोपऱ्यात नोंदी बघायचं बटण होतं. अकरा वर्षांत त्याने ते हजार वेळा दाबलं असेल, लोकांच्या चुका शोधायला.

बोट बटणावर ठेवून तो बसून राहिला. औदुंबराचं एक फळ खाली पडलं. मुंग्या आल्या. तरी तो बसूनच होता.

मग दाबलं.

बदल एकच होता. तीन वर्षांपूर्वीचा, रविवारचा, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांचा. एक ओळ काढली होती. काढणाऱ्याचं नाव, पराग देवस्थळे. कारण लिहायच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पडद्यावर मावत नव्हते. ही ओळ सगळ्यांना माहीत असते.'

त्याला लख्ख आठवलं. बंगळुरूला सभा होती, देशभरातले त्याच्या धंद्यातले लोक. त्याने शिदोरी मोठ्या पडद्यावर दाखवली होती. प्रत्येक तुकडा एका पडद्यात बसला पाहिजे, खाली सरकवावं लागता कामा नये, असा त्याचा हट्ट होता. आदल्या रविवारी तासन् तास बसून त्याने साठ तुकडे नीटनेटके केले होते. चारशे बारावा दाखवला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. किती सुटसुटीत, असं कोणीतरी म्हणालंही होतं.

तिथे वाजलेली टाळी त्याच्या कानात अजून होती. काढलेली ओळ नव्हती.

त्याने तयार ठेवलेलं पत्र उघडलं. मुक्ता चौगुले हे नाव चार ठिकाणी होतं. एकेक पुसलं. तिथे आपलं लिहिलं. खाली बदलाची नोंद, जशी होती तशी, कारणाच्या रकान्यासकट जोडली. पाठवायचं बटण दाबलं. रेंज गेली. तो लॅपटॉप दोन्ही हातांत उचलून पारावर चढला आणि उभा राहिला, एखाद्याने पोराला जत्रा दाखवायला वर धरावं तसा. पत्र गेलं.

तेव्हा पावणेतीन वाजले होते.

तो परत आला तेव्हा बुवा ओट्यावरून उठले होते. त्यांनी कुठूनतरी कळशी आणली होती आणि मोटरच्या तोंडात पाणी ओतत होते. परागने कळशी त्यांच्या हातातून घेतली. दुसरी कळशी त्याने ओतली. बुवांनी हिरवं बटण दाबलं. वरच्या टाकीत धार पडल्याचा आवाज आला.

"जळली नव्हती तर," पराग म्हणाला.

"वास आला हुता."

परागने रिकामी कळशी कोपऱ्यात उपडी ठेवली.

"बघितलं मी," पराग म्हणाला. "ओळ मीच काढली होती. पत्रात माझं नाव घातलं. पाठवलंही."

"बरं."

पराग थांबला. आणखी काहीतरी येईल, असं त्याला वाटलं होतं. शाबास नाही, निदान मान तरी हलेल. बुवा धोतराच्या सोग्याला हात पुसत होते.

"कदाचित माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"तुम्हाला चोर पहिल्यापासून ओळखू आला होता ना?"

"मला कायबी ओळखू येत न्हाई. येनारा जे नाव घेऊन येतो ते नसतं, एवडंच ठाऊक हाय."

परागने खिशातून पेन काढलं. एवढं तरी आपल्या हातून व्हावं असं त्याला वाटलं. टिपा लिहिण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. त्याने चिठ्ठी पिशवीतून बाहेर काढली, ओट्यावर पसरली. वरच्या बाजूला थोडी जागा होती. एक ओळ सहज मावली असती.

"ही पहिली ओळ मी घालून देतो. म्हणजे पुन्हा कोणाच्या हातून..."

बुवांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे."

"का? तीन वर्षं, पाच वर्षं, किती झाली? तुम्ही अजून का लिहिली नाहीत?"

"ती सोपानच्या हातची हाय. त्यानं यायचं, आन् त्यानं लिवायची. तवर मोटर मी लावतो."

"मग आज मला..."

बुवांनी ते न ऐकल्यासारखं केलं. चिठ्ठी उचलली, जुना कागद मागे घातला, पिशवी खिळ्याला अडकवली.

"सोपान कुठे आहे आता?"

टाकी भरत आली होती. पाण्याचा आवाज बारीक होत होता. म्हाताऱ्याने काठी वर केली, लाल बटणावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली...

"मला ठाऊक न्हाई," बुवा म्हणाले. "तुजी हडपसरला हाय."